एकच प्रवासी

स्टेशन गावाचं म्हणायचं, पण होतं गावापासून लांब, वर माळावर. रूळ टाकायला माणसं आली तेव्हा गावातल्या एकानंही आपल्या बांधाला हात लावू दिला नव्हता. जो तो शेजाऱ्याच्या शेताकडे बोट दाखवी. शेवटी रेल्वेवाले वैतागले आणि जिथं गवतसुद्धा धड उगवत नव्हतं अशा जागी त्यांनी फलाट बांधून टाकला. मग गावानं शंख केला, की आता एवढं चढून जायचं कोणी! असलं हे गाव.

तरी त्या काळी स्टेशनाचा थाट होता. पलीकडच्या खाणीतली खडी इथून जायची. मालगाड्या उभ्या राहायच्या, इंजिनाला पाणी पाजायला उंच टाकी होती, मालधक्का होता आणि रूळ बदलायला सांधेवाला होता. खाण संपली तशी एकेक गोष्ट गळत गेली. मालधक्क्यावर शेरडं बसू लागली, टाकीला गंज चढला, दुसरा रूळ उपटून नेला, आणि रूळच एक उरल्यावर सांधेवाला तरी कशाला हवा? त्याला घरी बसवलं. राहिली सकाळी शहराकडे जाणारी गाडी, संध्याकाळी परतणारी गाडी, एक मास्तर, आणि झाडूपाण्याला त्या सांधेवाल्याची सून. नवरा रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत होता, आठवड्यातनं एकदा घरी यायचा. फलाटामागच्या क्वार्टरमध्ये ती, म्हातारे सासरे आणि तिची लेक. गाव तिला स्टेशनवाली म्हणायचं.

बाई कामाला वाघ. पहाटे उठून फलाट झाडायची, खाली विहिरीवर जाऊन डोक्यावरनं पाणी आणायची, माठ भरायची, संडास धुवायची. तेवढ्यात गाव वर चढायला लागे. दूधवाला कॅन घेऊन, भाजीवाली टोपल्या घेऊन, गवंडी, सुतार, कापड गिरणीत जाणारी पोरं. फलाटावर ही गर्दी! पण तिकीट काढायचं म्हटलं की सगळ्यांचे खिसे शिवलेले. "गावचीच गाडी आहे, गावच्या माणसाला कसलं तिकीट?" असं दूधवाला छाती काढून म्हणायचा. गावची गाडी म्हणे! जागा द्यायची वेळ आली तेव्हा कुठं गेलं होतं हे गाव?

आता तिकीट नाही म्हटल्यावर टीसीची भीती आली. त्यावर तोड काढली होती सासऱ्यांनीच, सांधेवाले होते तेव्हा. टीसी गाडीत चढला की अलीकडच्या स्टेशनातनं निरोप यायचा. निरोप आला की म्हातारबा क्वार्टरमागच्या दोरीवर पिवळी चादर टाकायचे. क्वार्टर उंचावर, त्यामुळं चादर साऱ्या गावाला दिसायची. चादर दिसली की त्या दिवशी कोणी स्टेशनाकडे फिरकत नसे. संध्याकाळी मग क्वार्टरच्या पायरीवर कोणाची भाजी, कोणाचं दूध गुपचूप येऊन पडे. कोणी बोलायचं नाही, कोणी विचारायचं नाही. सासऱ्यांचे पाय गेले तसं ते काम सुनेकडे आलं, घरातल्या बाकीच्या कामांसारखं.

मात्र लेकीचं तिनं वेगळं ठेवलं होतं. लेक शहरात नर्सचं शिकत होती, पहिल्याच वर्षाला. तिचा पास बाईनं हट्टानं काढला.

नवरा म्हणाला होता, "पास कशाला? सगळं गाव फुकट जातंय."

"गाव जाऊ दे. माझी पोरगी उद्या लोकांना सुया टोचणार. ती दरवाजामागं लपून जाणार का?"

एवढं म्हणून तिनं विषय मिटवला. लेक पास प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवायची. गाडीत चढताना मान वर करून चढायची. ती तशी चढताना बघितलं की बाईला दिवसभर पाण्याच्या हंड्याचं ओझं वाटत नसे. आपलं आयुष्य झाडूत गेलं, पोरीचं जाणार नाही, एवढीच तिची हाव होती.

त्या उन्हाळ्यात एक दिवस मास्तरनं तिला हाक मारली. मास्तर नवा होता, चार महिने झाले असतील नसतील. तेवढ्यात टीसी एकदाही फिरकला नव्हता, त्यामुळं त्याला चादरीची काही गंधवार्ता नव्हती. आधीच्या मास्तरांना होती, पण नव्याला सांगायचं कोणी?

"बाई, उद्या सकाळच्या गाडीनं वरचे साहेब येताहेत. स्टेशन कसं लख्ख पाहिजे."

"कशाला येताहेत?"

"बघायला. मला थोडंच विचारून येतात? तुम्ही आपलं झाडूचं बघा."

बाईनं झाडूचं बघितलं. संध्याकाळपासून फलाट घासला. पान खाऊन थुंकलेले कोपरे विटकरीनं खरवडले. चुन्यात हात घालून फलाटाची कड पांढरी केली, हाताची सालटं निघाली. अंधार पडता पडता घरी आली आणि सासऱ्यांच्या खाटेशी बसली.

"मामंजी, उद्या साहेब येतोय. टीसी नव्हे, साहेब. चादर टाकायची का?"

म्हातारबांनी तिच्याकडे असं बघितलं, की ही बाई इतकी वर्षं इथं राहून शिकली काय!

"टीसीला टाकतो आणि साहेबाला नाही टाकणार? टीसी दंड करेल. साहेब गाव बांधून नेईल."

"पण मन कसंतरी होतंय."

"मनाला काय होतंय? उद्या दूधवाल्याला पकडलं तर सारं गाव आपल्या नावानं बोटं मोडेल. म्हणतील, ठाऊक असून बाई गप्प बसली. टाक मुकाट्यानं."

तेही खरंच होतं. सकाळी तिनं चादर भिजवली, पिळली आणि दोरीवर पसरली. खाली गाव जागं होत होतं. पायवाटेवर निघालेली दोन माणसं चादर बघून माघारी वळलेली तिनं पाहिली. तिला बरं वाटलं.

लेक पांढरा गणवेश घालून, वेणी घालून बाहेर आली.

"तू कुठं निघालीस?"

"कुठं म्हणजे? कॉलेजला."

"आज राहू दे."

"का? माझ्याकडे पास आहे. मी कशाला लपू?"

"लपू नको, घरात बस. अगं, सगळ्या गावाला आपण घरी बसवलं आणि आपली पोरगी तेवढी ऐटीत गाडीत बसली, हे लोकांना खपेल का? म्हणतील, बाईनं स्वतःची पोर बरोबर काढली."

"म्हणू देत. आई, आज परीक्षा घेणार आहेत कॉलेजातल्या बाई. इंजेक्शनची."

"एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय? उद्या दे."

लेक दारात उभीच राहिली. मग गळ्यातला पास काढून तिनं खिळ्याला अडकवला तो असा, की खिळाच भिंतीतनं निसटला. आतून म्हातारबा ओरडले, "काय पाडलंस गं?" बाई झाडू घेऊन फलाटावर निघून गेली.

गाडी आली. साहेब उतरले. मागं एक कारकून, हातात छत्री. मास्तर टोपी सावरत धावला आणि मध्येच थबकला. त्यानं फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. रोजची ती झुंबड, ती कॅन, टोपल्या, आरडाओरडा, काही म्हणजे काही नव्हतं. पांढरी कड, ओला फलाट, आणि टोकाला बाई एकटी.

गाडीत कोणी चढलं नाही. गाडी सुटली. साहेब हात पाठीमागं बांधून सावकाश चालत तिच्याजवळ आले. तिनं माठातलं पाणी दिलं. साहेब गार पाणी प्यायले, पेला परत देताना "छान" म्हणाले. तिला एवढा मोठा माणूस कधी छान म्हणाला नव्हता.

"कोणी दिसत नाही इथं?" साहेबांनी विचारलं.

आता काय सांगावं? लोक कुठं गेले असं साहेबांना वाटलं तर? कोणी शोधायला निघालं तर? गाव खाली दारं लावून बसलं होतं, सगळ्यांची लाज तिच्या हातात होती.

"नाही साहेब," ती म्हणाली. "रोज असंच असतं."

"रोज?"

"हो साहेब. अगदी शांत. कसली गडबड नाही."

मास्तर काही बोलायला गेला. साहेबांनी हातानंच त्याला थांबवलं. कारकुनानं लिहून घेतलं. मग साहेब मास्तरच्या खोलीत बसले, मागून मोटार आली तिच्यातनं निघून गेले. जाताना पुन्हा एकदा तिला म्हणाले, "स्टेशन फार स्वच्छ ठेवलंय." संध्याकाळी पायरीवर नेहमीपेक्षा जास्त भाजी आली. दूधवाल्यानं तर अख्खा तांब्या भरून दूध ठेवलं. बाईनं सासऱ्यांना साहेबांचं बोलणं पुन्हा पुन्हा सांगितलं. लेक भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

पंधरवड्यानं कागद आला. मास्तरनं तो वाचून दाखवला तेव्हा बाई संडास धुवून नुकतीच हात पुसत होती. प्रवासी नाहीत, सबब गाडी थांबणार नाही. स्टेशन बंद.

"प्रवासी नाहीत?" ती म्हणाली. "आंधळे आहेत का ते? रोज पाय ठेवायला जागा नसते!"

"साहेब तेच बघायला आले होते. किती माणसं चढतात ते."

"मग तुम्ही आधी सांगितलं का नाही?"

"सांगायचं काय त्यात? रोज गर्दी असते. मला वाटलं, बघतील. नेमकं त्याच दिवशी गाव मेलं होतं काय? आणि वर तुम्ही तोंडानं सांगितलंत, रोज असंच असतं म्हणून!"

बाईनं हात पुसायचं फडकं खाली ठेवलं. मग चादरीचं सगळं सांगितलं. मास्तर ऐकत राहिला आणि शेवटी कपाळावर हात मारून घेतला. दुसरं तो तरी काय करणार?

गाडी थांबायची बंद झाली. सकाळी ती यायची, शिट्टी मारायची आणि धाडधाड निघून जायची. पहिल्या दिवशी गाव टोपल्या घेऊन फलाटावर उभं होतं, त्यांच्या अंगावर नुसती धूळ उडाली. मास्तरची बदली झाली. नवऱ्याची टोळी लांबच्या लाइनवर गेली. आणि चादरीची गोष्ट, जिच्याबद्दल इतकी वर्षं कोणी चकार शब्द काढला नव्हता, ती आता पाणवठ्यावर ज्याच्या त्याच्या तोंडी झाली.

"हिनंच टाकली चादर."

"आम्ही कुठं सांगितलं होतं टाक म्हणून?"

"साहेबासमोर मिरवायला रिकामं स्टेशन हवं होतं बयेला!"

भाजीवाली, जी पायरीवर भोपळा ठेवून हळूच पळायची, ती विहिरीवर तोंडावर म्हणाली, "आमच्या पोटावर पाय दिलास बाई." स्टेशनवालीनं हंडा तसाच रिकामा उचलला आणि वर आली. ढसाढसा रडली. सासरे छताकडे बघत पडून होते. चादर टाक म्हणणारे आपणच होतो, हे गावात जाऊन सांगायला त्यांना पाय नव्हते, आणि जीभ होती ती त्यांनी वापरली नाही.

लेक मात्र थांबली नाही. पुढच्या स्टेशनापर्यंत रुळाकडेनं चालत जायची, तिथं गाडी धरायची. अंधारात निघायची, अंधारात परत यायची. पायाला फोड आले, गणवेशाच्या कडा खडीच्या धुळीनं काळ्या झाल्या. एकदा रुळावर दारुडे मागं लागले, तेव्हा ती पुलाखाली गवतात बसून राहिली आणि दुपारी घरी आली. त्यानंतर आई रोज तिच्याबरोबर चालू लागली आणि संध्याकाळी तिला घेऊनच परतू लागली. मग इकडे म्हाताऱ्यांना पाणी द्यायला कोणी नसे. एकदा ते खाटेवरनं पडून संध्याकाळपर्यंत जमिनीवरच पडून होते. असं किती दिवस चालणार? कॉलेजातनं तंबी आली, की पुन्हा उशीर झाला तर नाव काढू.

अशात गावात ठरलं, की शहरात जाऊन साहेबांना भेटायचं. गावात एक जण होता, कशातही पुढं पुढं करायचा, त्याला सगळे पुढारीच म्हणत. तो क्वार्टरच्या दारात आला, आत मात्र आला नाही.

"तुला यावं लागेल. तू साहेबांना सांगायचं, की चूक माझी झाली. लोक रोज असतात, त्याच दिवशी नव्हते."

"सांगते," बाई म्हणाली. "गाडी थांबणार असेल तर काय म्हणाल ते सांगते."

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेले सगळे. बाईला मागं, फळीला टेकून जागा दिली. वाटेत कोणी तिच्याशी बोललं नाही. तिनं धुतलेले कपडे घातले होते, आणि लेकीचा पास बरोबर घेतला होता, का ते तिलाही ठाऊक नव्हतं.

साहेबांनी तिला लगेच ओळखलं. "या बाई. तुम्हीच ना, स्वच्छ स्टेशनवाल्या?"

"हो साहेब. पण मी त्या दिवशी खोटं बोलले. रोज तसं नसतं. रोज फलाट फुलतो. त्या दिवशी कोणी आलं नाही."

"का आलं नाही?"

ती थांबली. पुढारी छताचा पंखा बघत होता. दूधवाला पायातली चप्पल न्याहाळत होता. कोणीतरी काहीतरी बोलेल म्हणून तिनं वाट पाहिली.

"मी चादर टाकली म्हणून," ती म्हणाली. "चादर टाकली की लोक येत नाहीत. तिकीट नसतं ना साहेब त्यांच्याकडे. पकडतील म्हणून मी..."

पुढाऱ्यानं घसा खाकरला. पण आता शब्द सुटला होता.

साहेब खुर्चीत मागं रेलले. रागावले नाहीत, उलट त्यांना मौज वाटल्यासारखी दिसली.

"म्हणजे गर्दी असते, पण तिकीट कोणी काढत नाही?"

कोणी हो म्हणेना, कोणी नाही म्हणेना.

"कोणाकडे पास? एकाकडे तरी?"

"माझ्या लेकीकडे आहे," बाई म्हणाली आणि तिनं पास पुढं केला. साहेबांनी तो हातात घेऊन बघितला, उलटून बघितला.

"आणखी कोणाकडे?"

पुढारी पुन्हा पंखा बघू लागला.

"मग आमच्या हिशेबी तुमच्या गावात प्रवासी एकच आहे. ही मुलगी." साहेबांनी पास टेबलावर ठेवला. "आता तुम्हीच सांगा बाई, एका मुलीसाठी आगगाडी थांबवायची का?"

"थांबवा ना साहेब," ती म्हणाली. मनापासून म्हणाली. "एक मिनिट थांबवा. ती पळत चढेल."

साहेब खो खो हसले. कारकून हसला. आणि मग पुढारी हसला, दूधवाला हसला, सगळं गाव हसलं, साहेबांना बरं वाटावं म्हणून. बाई त्या हसणाऱ्या तोंडांकडे बघत उभी राहिली. ह्याच तोंडांना पाठीशी घालायला आपण पोरीची परीक्षा बुडवली, हे तिला तेव्हा कळलं. नुसतं कळलं नाही, आतनं जळत गेलं. तिनं टेबलावरचा पास उचलला आणि बाहेर येऊन ट्रॉलीजवळ उभी राहिली.

परतताना पुढारी मोठ्यानं म्हणाला, "तिकिटाचं बोलायची काय गरज होती? होत आलेलं काम घालवलं बाईनं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. आता ती दोनदा गुन्हेगार झाली.

क्वार्टर सोडायचा हुकूम निघाला. नवरा एक दिवस रजा काढून आला, सामान बांधलं आणि बांधताना एवढंच म्हणाला, "झालं ते झालं." गावात कोणी खोली देईना. शेवटी दूधवाल्यानं मळ्याकडेच्या गोठ्यालगतची खोली दिली. अट एक, दोघींनी मळ्यात कामाला यायचं. तो म्हणालाही, "माणुसकी आहे म्हणून देतोय." म्हाताऱ्या सासऱ्यांना खाटेसकट चौघांनी उचलून खाली आणलं. ते वाटेत स्टेशनाकडे बघत होते. पण बघायला फारसं राहिलं नव्हतं. बाकं, दरवाजे, पत्रे, मालधक्क्याच्या फरश्या, ज्याला जे उचलता आलं ते त्यानं रातोरात उचललं होतं. गावचंच स्टेशन, गावच्या माणसाला कसली चोरी?

कॉलेजनं नाव काढलं. लेकीनं गणवेश धुतला, वाळवला, घडी घालून पेटीच्या तळाशी ठेवला. रडली नाही. आईला वाटत होतं, हिनं रडावं, ओरडावं, भांडी आपटावी. ती सकाळी उठून आईबरोबर मळ्यात गेली आणि खुरपं घेऊन ओळीला बसली. दुपारपर्यंत तिच्या तळहाताला फोड आले. तिनं ते सुईनं नीट फोडले, स्वच्छ फडक्यानं बांधले आणि पुन्हा बसली. तेवढंच नर्सपण तिच्या कामी आलं.

संध्याकाळी दूधवाल्याची बायको बांधावर आली. खुरपलेल्या ओळी बघून तिनं हनुवटीवर बोट ठेवलं.

"अगं बाई! एक काडी राहिली नाही. पोरगी कामाला चांगली आहे हो."

आई कसंबसं हसली. दोघींनी गवताचे भारे बांधले, एकमेकींच्या डोक्यावर चढवले आणि खोलीकडे निघाल्या. पायवाट अरुंद, लेक पुढं, आई मागं. वरच्या माळावरनं गाडी शिट्टी मारून गेली. लेकीनं तिकडे मान वळवली नाही.

गाडीचा आवाज विरल्यावर ती म्हणाली, "आई, त्या दिवशी मला का थांबवलंस?"

हा प्रश्न आई इतके दिवस ऐकायची वाट बघत होती आणि आला तेव्हा तिच्याजवळ सांगायला फक्त खरं होतं.

"लोक काय म्हणाले असते गं?"

लेक थांबली. डोक्यावर भारा असल्यानं तिला मागं वळता येईना. तशीच समोर बघत बोलली.

"आता म्हणाले ना. कामाला चांगली आहे म्हणाले."